हिटलर हरायला हवा, आणि आमचा दरही वाढायला हवा

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट नावाचा परगणा आहे. फळबागांसाठी प्रसिद्ध. तिथे कोळशाच्या खाणीही होत्या हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यातल्या बेट्सहँगर खाणीत जानेवारी १९४२ मध्ये संप झाला. दुसऱ्या महायुद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं आणि संपाला कायद्याने बंदी होती. भांडण कशावरून? कोळशाचा एक नवा थर खणायला अवघड निघाला. मजुरी उक्त्या दराने, म्हणजे जितका कोळसा काढाल तितके पैसे. अवघड जागी माल कमी निघतो, मजुरी पडते, म्हणून वरून भत्ता द्यायची रीत होती. तो किती असावा यावर लवादाचा निकाल कामगारांच्या विरोधात गेला आणि माणसं खाणीत उतरायची थांबली.

सरकारने ठरवलं, या खेपेला जरब बसवायची. एक हजार पन्नास खाणकामगारांवर खटला भरला. सुनावणीच्या दिवशी आरोपी बँड वाजवत, बायकापोरांसह मिरवणुकीने कोर्टात हजर झाले. युनियनच्या शाखेच्या चिटणिसाला दोन महिने सक्तमजुरी, आणखी दोन पदाधिकाऱ्यांना एकेक महिना, ३५ जणांना तीन-तीन पौंड दंड, उरलेल्या सुमारे हजार जणांना एक-एक पौंड. न भरल्यास १४ दिवस कैद.

इथून सरकारची पंचाईत सुरू झाली. दंड कुणी भरेना. हजार माणसांना डांबायला तुरुंगात जागा नव्हती, आणि डांबली असती तर कोळसा कुणी काढायचा? तडजोड करायची तर ज्यांच्याशी बोलायचं ते तिघे गजांआड. अखेर खाणखात्याचे मंत्री डेव्हिड ग्रेनफेल स्वतः केंटला गेले आणि कराराच्या कागदावर सह्या झाल्या त्या तुरुंगात. कामगारांना हवं होतं ते मिळालं. अकरा दिवसांनी तिघे पदाधिकारी सुटले. खाण चालू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नेहमीच्या जवळजवळ तिप्पट कोळसा निघाला, असं या प्रकरणात तिथे गेलेले मजूर मंत्रालयाचे अधिकारी हॅरॉल्ड एमर्सन यांनी पुढे नोंदवलं आहे. मे महिन्यापर्यंत हजारांतल्या फक्त नऊ जणांनी दंड भरला होता. बाकीच्यांचं काय करायचं, असं कोर्टाच्या कारकुनाने विचारलं तेव्हा वरून उत्तर आलं, राहू द्या.

(मला या सगळ्या गोष्टीत कुतूहल आहे ते त्या नऊ जणांचं. त्यांनी गल्लीत तोंड कसं दाखवलं असेल?)

आता सरळ प्रश्न. ही माणसं देशद्रोही होती का? १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांशी झालेली लढाई याच केंटच्या आभाळात झाली होती. नाझी सैन्य उतरलंच असतं तर याच किनाऱ्यावर उतरलं असतं. हिटलर हरावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तरीही अवघड जागेचा भत्ता त्यांना हवा होता. या दोन गोष्टी एका डोक्यात एकत्र कशा नांदतात, एवढंच या लेखात समजून घ्यायचंय. त्या काळच्या सरकारला ते नीट उमगलं नाही. कामगारांच्या नावाने पक्ष चालवणाऱ्या बऱ्याच समाजवाद्यांनाही नाही.

घरची आघाडी

रणांगणावर लढते ती एक आघाडी. त्या लढणाऱ्याला गोळी, बूट, रणगाडा, विमान आणि भाकरी पुरवते ती दुसरी, घरची. इंग्रजांचा ‘होम फ्रंट’ तो हाच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने या दुसऱ्या आघाडीवर जवळजवळ सगळ्या देशाला जुंपलं. डिसेंबर १९४१ मध्ये तर २० ते ३० वयाच्या अविवाहित बायकांनाही कायद्याने सक्तीच्या कामाला लावलं.

हे जुंपण्याचं काम होतं अर्नेस्ट बेविन यांच्याकडे. आईबाप नसलेला, अकराव्या वर्षी शाळा सुटलेला, ब्रिस्टलमध्ये गाडी हाकणारा हा माणूस पुढे वाहतूक कामगारांच्या अवाढव्य युनियनचा सर्वेसर्वा झाला. मे १९४० मध्ये चर्चिल यांनी सर्वपक्षीय मंत्रिमंडळ बनवलं तेव्हा खासदारसुद्धा नसलेल्या बेविनना मजूरमंत्री केलं. हिशेब उघड होता. कामगारांना कामाला लावायचं तर त्यांच्यातलाच बाप्या हवा.

बेविननी दोन हुकूम आणले. जुलै १९४० चा ‘आदेश १३०५’: संप बंद, टाळेबंदी बंद, तंटा झाला तर लवादापुढे जा. मार्च १९४१ चा दुसरा हुकूम अत्यावश्यक कामांसाठी होता: सरकारी परवानगीशिवाय कामगाराला नोकरी सोडून जाता येणार नाही, आणि मालकाला त्याला काढता येणार नाही, शिवाय आठवड्याच्या किमान मजुरीची हमी.

या दुसऱ्या हुकमाची मेख नीट पाहा, कारण पुढचं पुष्कळसं तिच्यावर उभं आहे. मुंबईच्या गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगारांची रांग उभी असायची. आतल्याने आवाज चढवला की मुकादम नुसता त्या रांगेकडे बोट दाखवायचा. १९३० च्या दशकात ब्रिटनच्या गोद्यांच्या फाटकांवरही तीच तऱ्हा होती. युद्धाने ती रांगच नाहीशी केली. एक फिटर कमी पडला तर दुसरा मिळेना, आणि मालकाला काढायचा हक्क उरला नव्हता. कामगाराला जखडून ठेवायला केलेल्या कायद्याने त्याच्या मनातली हकालपट्टीची धास्तीही काढून टाकली. युनियनचे सभासद १९३९ मध्ये सुमारे ६३ लाख होते, १९४५ मध्ये ते ७९ लाखांच्या घरात गेले.

जुनी देणी

युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश कामगार कोऱ्या पाटीने त्यात उतरला नव्हता. बेट्सहँगरचंच बघा. तिथले कितीतरी कामगार मूळचे वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडचे. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर गावाकडच्या खाणमालकांनी त्यांची नावं काळ्या यादीत टाकली, म्हणून ते केंटला आले. त्यांना ‘राष्ट्र संकटात आहे, मालकावर विश्वास ठेवा’ असं सांगणं म्हणजे विनोदच.

त्यानंतर मंदी आली आणि १९३१ पासून बेकारभत्त्यासाठी घराची झडती. घरातला मुलगा किती कमावतो, आजीची पेन्शन किती, विकण्याजोगं फर्निचर आहे का, हे पाहायला सरकारी माणूस दारात यायचा. भत्त्यापेक्षा तो माणूस लोकांच्या जास्त लक्षात राहिला. १९३६ मध्ये जॅरो या जहाजबांधणीच्या गावातून सुमारे दोनशे बेकार तीनशे मैल चालत लंडनला गेले आणि हात हलवत परत आले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या बापांना ‘वीरांना शोभतील अशी घरं देऊ’ असं वचन मिळालं होतं. मुलं त्याच गळक्या खोल्यांत वाढली होती. खुद्द चर्चिल यांच्या नावाला दक्षिण वेल्समध्ये टोनीपँडीचा वास होता. १९१० मध्ये तिथल्या खाणकामगारांच्या दंग्याच्या वेळी गृहमंत्री म्हणून त्यांनीच सैन्य धाडलं, हे तिथलं पोरही सांगायचं.

तेव्हा लढाईला लोकांची ना नव्हती. ‘या वेळी लढायला आम्ही तयार आहोत, पण ओझं सारखं वाटा आणि नंतरचं काय ते आत्ताच सांगा’, असा एकूण सूर होता. सरकारलाही तो ऐकू येत होता. म्हणूनच १९४० मध्ये युद्धातल्या जादा नफ्यावर शंभर टक्के कर बसला. जानेवारी १९४० पासून रेशन आलं आणि ते लोकांनी बऱ्यापैकी मनापासून स्वीकारलं, कारण लॉर्डच्या बायकोला आणि लोहाराच्या बायकोला लोणी सारखंच मिळत होतं. जिथे ते सारखं नव्हतं तिथे लगेच कुरकुर उठली. हॉटेलात खाल्लेलं रेशनमध्ये मोजत नसत, म्हणजे ज्याच्या खिशात पैसा त्याला मटण दोनदा. ओरड इतकी झाली की १९४२ मध्ये हॉटेलच्या जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा घालावी लागली.

सॅव्हॉयच्या तळघरात

वर्ग म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज १९४० च्या सप्टेंबरात लंडनला उरली नाही. ७ सप्टेंबरपासून रोज रात्री बॉम्ब पडू लागले आणि पहिला मारा ईस्ट एंडवर, म्हणजे गोद्या, गुदामं आणि दाटीवाटीच्या कामगार वस्तीवर. सरकारने घरोघर पत्र्याचा छोटा निवारा वाटला होता. वर्षाला २५० पौंडांच्या आत कमाई असेल तर फुकट. अडचण एवढीच की तो परसात जमीन खणून बसवायचा होता. ज्याचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, त्याने तो कुठे पुरायचा? आपल्याकडे चाळीतल्या माणसाला कुणी विहीर फुकट बांधून द्यावी, तसलाच प्रकार.

खोल, काँक्रीटचे सामायिक निवारे बांधा, अशी मागणी कम्युनिस्ट युद्धाच्या आधीपासून करत होते. त्यांच्या बाजूने आकडेमोड मांडत होते जे. बी. एस. हाल्डेन. नामवंत शास्त्रज्ञ, पुढे हिंदुस्थानात येऊन स्थायिक झाले आणि भुवनेश्वरला वारले, तेच हे. सरकार ऐकत नव्हतं. लोक एकदा खोल बिळात शिरले की कामाला बाहेरच यायचे नाहीत, ही त्यांची भीती. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांतही रात्री झोपायला बंदी होती.

१४ सप्टेंबरच्या शनिवारी रात्री ईस्ट एंडमधल्या स्टेपनीचे कम्युनिस्ट नगरसेवक फिल पिराटिन काही डझन लोकांना, त्यात लहान मुलंही, घेऊन थेट सॅव्हॉय हॉटेलात शिरले. लंडनच्या अतिश्रीमंतांचं हे हॉटेल. तळघरात गाद्यागिरद्यांचा निवारा. बाहेर हल्ल्याचा भोंगा वाजत असताना आसरा मागणाऱ्याला हाकलता येत नाही, त्यामुळे पोलीसही हात चोळत राहिले. त्या रात्री धोका लवकर टळला आणि मंडळी घरी गेली. चहा मात्र सॅव्हॉयचा पिऊन गेली, तोही साध्या हॉटेलच्या भावात.

त्याच आठवड्यांत साध्या लोकांनी कुणालाही न विचारता भुयारी रेल्वेचा प्रश्न सोडवला. स्वस्तातलं तिकीट काढायचं, वळकटी घेऊन खाली उतरायचं आणि वर यायचंच नाही. सरकारने शेवटी मान तुकवली. २७ सप्टेंबरच्या रात्री मोजदाद केली तेव्हा १ लाख ७७ हजार माणसं फलाटांवर झोपलेली होती.

समाजवादी कार्यकर्त्यांचा युद्धकाळातला सगळ्यात यशस्वी प्रयोग कोणता, असं मला विचाराल तर मी हाच सांगेन. त्यात क्रांतीची घोषणा नव्हती. आज रात्री माझी पोरं कुठे झोपणार, एवढाच प्रश्न होता आणि त्याला उत्तर होतं. १९४५ मध्ये हेच पिराटिन ईस्ट एंडमधून खासदार म्हणून निवडून आले.

पक्षाचं वळण, मॉस्कोच्या वाटेने

आता गुंतागुंतीचा भाग. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्ष लहान होता, युद्धाआधी सभासद अठराएक हजार. पण इंजिनीअरिंग कारखान्यांत त्याचं वजन संख्येपेक्षा खूप जास्त. कारण कारखान्याच्या प्रत्येक खात्यात कामगार आपला एक प्रतिनिधी निवडत, त्याला शॉप स्टुअर्ड म्हणत. युनियनच्या मुख्य कचेरीतलं राजकारण लांब राहिलं. फोरमनने दर कापला की पहिला जाब विचारणारा माणूस हा. असे प्रतिनिधी पुष्कळदा कम्युनिस्ट असत, आणि त्यांना मत देणारे बहुतेक जण मजूर पक्षाचे.

सप्टेंबर १९३९ मध्ये पक्षाचे सरचिटणीस हॅरी पॉलिट यांनी युद्ध कसं जिंकावं यावर पुस्तिका काढली. बॉयलर बनवणारा हाडाचा कामगार. फॅसिझमशी लढायचं यात त्याला शंका नव्हती. पण स्टालिन आणि हिटलर यांचा करार झाला होता. ऑक्टोबर उजाडेपर्यंत मॉस्कोहून निरोप आला: हे साम्राज्यवाद्यांचं आपसातलं युद्ध आहे, पाठिंबा द्यायचा नाही. पॉलिटना सरचिटणीसपद सोडावं लागलं. सूत्रं आली रजनी पाम दत्त यांच्याकडे. वडील बंगाली, आई स्वीडिश; पक्षातला तत्त्वाचा पंडित.

पुढची पावणेदोन वर्षं पक्षाने ‘जनतेची शांतता’ मागितली. गंमत अशी की सामान्य कामगाराला ही शांतता नको होती. ब्रिटिश सैन्य फ्रान्समधल्या डंकर्कहून माघारी आल्यावर तर अजिबात नाही. तरीही तोच कामगार खात्यात कम्युनिस्टाला निवडून देत राहिला, कारण दर आणि निवारा या बाबतींत तो भांडत होता. पक्षाची भूमिका एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायची कला कामगारांना चांगली अवगत असते. सरकार मात्र धास्तावलं. जानेवारी १९४१ मध्ये गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी पक्षाच्या दैनिकावर, ‘डेली वर्कर’वर, बंदी घातली. मॉरिसनही मजूर पक्षाचेच.

२२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर चाल केली आणि पक्षाने पुन्हा उलटी उडी मारली. पॉलिट परत खुर्चीवर. आता उत्पादन वाढवणं हेच पहिलं कर्तव्य. त्याच सप्टेंबरात ब्रिटिश कारखान्यांनी एक आठवडा बनवलेले सगळे रणगाडे रशियाला धाडायचे ठरलं, तेव्हा कामगारांनी चिलखतावर खडूने स्टालिनचं नाव लिहिलं आणि रात्रंदिवस खपून काम उरकलं. हा उत्साह अस्सल होता, कुणाच्या हुकमाचा नव्हता. १९४२ अखेर पक्षाचे सभासद ५६ हजारांवर गेले. दैनिकावरची बंदी उठली.

पण याची किंमत होती. संपाला आता खुद्द कम्युनिस्टांचा विरोध. कालपर्यंत मालकाला शिव्या घालणारा प्रतिनिधी आज मालकाबरोबर उत्पादन समितीत बसून कोण उशिरा येतं ते मोजू लागला. काही ठिकाणी त्या समित्यांनी खरोखर चांगलं काम केलं: पडून राहिलेली यंत्रं चालू केली, मालाची नासाडी थांबवली. नासाडी होतही होती, कारण पुष्कळ सरकारी कंत्राटांत खर्च आणि त्यावर ठराविक टक्के असा मोबदला असे. जितका खर्च फुगेल तितका नफा. कामगाराला हे डोळ्यांनी दिसत होतं.

संप तरीही झाले

संपामुळे किती काम बुडालं हे ‘दिवसां’त मोजतात, एक माणूस एक दिवस कामावर नाही, तर एक दिवस. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये असे साडेनऊ लाखांच्या आसपास दिवस बुडाले. १९४४ मध्ये ३७ लाख. त्यातले बहुतांश खाणींतले. आकडा मोठा दिसतो, पण सगळ्या कामगारांत वाटला तर माणशी पाव दिवससुद्धा भरत नाही. बहुतेक संप दोन-चार दिवसांचे आणि जवळजवळ सगळेच बेकायदा, शिवाय युनियनच्या वरच्या पुढाऱ्यांची मान्यता नसलेले.

दोन संप सांगतो. पहिला ग्लासगोजवळच्या हिलिंग्टनचा. रोल्स-रॉइसचा विमानाची इंजिनं बनवणारा कारखाना; हजारो बायका यंत्रांवर. काम पुरुषाचं, मजुरी बायकी. कारण यंत्र चालवतो कोण यावर काम ‘कसबी’ की ‘साधं’ हे ठरायचं. १९४३ च्या शरदात तिथे संप झाला आणि बरेच पुरुषही बायकांबरोबर बाहेर पडले. तोडगा मोठा मजेदार निघाला. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची यादी केली आणि यंत्राला दर लावला. मग ते कुणीही चालवो. पूर्ण समानता यातून आली नाही, पण हे काम बाईचं म्हणून स्वस्त, हा युक्तिवाद त्या यादीने निकालात काढला.

दुसरा टाइन नदीकाठच्या उमेदवारांचा, म्हणजे शिकाऊ कामगार पोरांचा. खाणीत माणसं कमी पडली, म्हणून डिसेंबर १९४३ पासून बेविननी सैन्यभरतीच्या वयाच्या तरुणांत चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा जुळला की सैन्याऐवजी खाणीत रवानगी, दहांतल्या एकाची. या पोरांना ‘बेविन बॉइज’ म्हणत. (हिंदुस्थानातही हे नाव चाललं, पण वेगळ्या अर्थाने. युद्धात बेविन योजनेखाली इथले तरुण कारागीर विलायतेला शिकायला पाठवले, त्यांना इथे बेविन बॉइज म्हणत. एकाच नावाने तिकडे खाण आणि इकडे विलायतवारी.) जहाजबांधणीचं कसब शिकणाऱ्या पोरांना वाटलं, पाच वर्षांची उमेदवारी फुकट जाणार. मार्च १९४४ च्या अखेरीस हजारोंनी काम थांबवलं.

त्यांना मदत करणारे होते ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनच्या विरोधातले कम्युनिस्ट. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हिटलरशी लढायचंच, पण मालकवर्गाच्या हातात लढाई सोडून नाही, कामगारांनी सत्ता घेऊन लढावं. यांचा पक्ष नुकताच, त्याच महिन्यात स्थापन झालेला, सभासद काहीशे. कम्युनिस्टांनी संप सोडून दिल्यामुळे मैदान यांना मोकळं मिळालं. जॉक हॅस्टन, रॉय टिअर्स, हीटन ली आणि अ‍ॅन कीन अशा चौघांना अटक झाली. त्यांना पकडलं कोणत्या कायद्याखाली? १९२६ च्या सार्वत्रिक संपाचा सूड म्हणून १९२७ मध्ये केलेल्या कायद्याखाली. मजूर पक्षाने ज्याला वर्षानुवर्षं शिव्याशाप दिले तोच कायदा, मजूर पक्षाचे मंत्री सत्तेत असताना. निकाल अपिलात टिकला नाही.

बेविन मात्र पेटले होते. त्याच सुमारास वेल्स आणि यॉर्कशरच्या खाणींत प्रचंड संप चालू होते आणि त्यांना त्यात चिथावणीखोरांचा हात दिसत होता. एप्रिलमध्ये नवा नियम आला, १-एए: अत्यावश्यक कामात संपाला चिथावणी दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद. संसदेत त्यावर तुटून पडले अन्यूरिन बेव्हन, स्वतः वेल्सचे खाणकामगार. एक बेविन, एक बेव्हन. इंग्रजीत नावात फरक जेमतेम एका अक्षराचा, वैर मात्र जन्माचं. या भाषणापायी बेव्हन यांच्यावर पक्षातून हकालपट्टीची पाळी आली होती, ती थोडक्यात टळली.

आणि त्याच एप्रिलमध्ये गृहमंत्री मॉरिसन यांनी मंत्रिमंडळापुढे ट्रॉट्स्कीवाद्यांवर एक टिपण ठेवलं. सार असं की संपांवर या लोकांचा प्रभाव नगण्य आहे. कामगार आपल्याच तक्रारींपायी बाहेर पडताहेत. पाच वर्षांच्या कैदेचा तो नियम शेवटपर्यंत कुणावरही वापरला गेला नाही.

गिरणगावातली तीच गाठ

हे वळण आपल्याला परकं नाही. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्यांचा संप झाला. दीड लाखाहून जास्त कामगार, सुमारे ४० दिवस. डांगे, रणदिवे यांच्यासह लाल बावट्याचे पुढारी त्या काळात तुरुंगात गेले. नंतर रशियावर हल्ला झाला आणि डिसेंबर १९४१ मध्ये इथल्या कम्युनिस्टांनीही हे आता ‘लोकयुद्ध’ आहे असं जाहीर करून त्याला पाठिंबा दिला. जुलै १९४२ मध्ये पक्षावरची बंदी उठली आणि महिन्याभरात ‘चले जाव’ची हाक आली. अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून जास्त बंद राहिल्या. मुंबईच्या लवकरच चालू झाल्या.

लंडनमध्ये पक्षाने घेतलेली कोलांटी लोकांच्या भावनेशी जुळली, कारण तिथले लोक युद्धाच्या बाजूचेच होते. इथे ती लोकांच्या विरुद्ध गेली. पाम दत्तांच्या तर्कात दोन्ही देश एकाच तक्त्यात बसत असतील. गवालिया टँकवर लाठी खाल्लेल्या पोराच्या डोक्यात बसत नव्हते. ‘बेचाळीसला तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं कम्युनिस्टांच्या पाठीमागे लागला. आणि तरी गिरणगाव तुटलं नाही. त्याच वस्तीत अण्णा भाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडवरचा पोवाडा गर्दी खेचत होता. सकाळी गांधीजींचं नाव, संध्याकाळी लाल बावट्याची सभा, आणि महागाई भत्त्याचा हिशेब दोन्ही वेळा. गिरणी कामगाराला यात विसंगती वाटत नव्हती. बेट्सहँगरच्या कामगारालाही वाटली नसती.

नंतरचं काय?

१ डिसेंबर १९४२ ला लंडनमध्ये एक सरकारी अहवाल आला, सामाजिक विम्यावरचा. असल्या कागदाला कोण विचारतं? पण त्यासाठी दुकानाबाहेर रांग लागली आणि संक्षिप्त आवृत्ती धरून सहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. लेखक विल्यम बेव्हरिज. जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, वडील तिथे सरकारी नोकरीत. ते समाजवादी नव्हते, उदारमतवादी होते. त्यांनी आजारपण, बेकारी, म्हातारपण, बाळंतपण अशा सगळ्या प्रसंगांना एका वर्गणीत विम्याचं कवच सुचवलं. घराची झडती न घेता. १९३१ नंतर दारात आलेला तो सरकारी माणूस ज्यांनी पाहिला होता त्यांना एवढे शब्द पुरे होते.

सरकारने चालढकल केली. फेब्रुवारी १९४३ मध्ये संसदेत मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या, जवळजवळ सगळ्या खासदारांनी आपल्याच मंत्र्यांविरुद्ध मत दिलं. मोठ्या पक्षांनी युद्धकाळात पोटनिवडणुका एकमेकांविरुद्ध न लढवण्याचा समझोता केला होता. त्या मोकळ्या जागेत ‘कॉमन वेल्थ’ नावाचा नवा समाजवादी पक्ष शिरला आणि त्याने हुजूर पक्ष आणि त्याच्या साथीदारांचे तीन बालेकिल्ले घेतले. जुलै १९४५ मध्ये खरी निवडणूक झाली. मजूर पक्ष ३९३, हुजूर २१३. चर्चिलना लोकांनी रस्त्यावर टाळ्या दिल्या आणि पेटीत मत दिलं नाही. कम्युनिस्टांना दोन जागा, ट्रॉट्स्कीवादी कुठेच नाहीत.

१ जानेवारी १९४७ ला खाणी सरकारी झाल्या. १९२७ चा कायदा १९४६ मध्येच गेला होता. आदेश १३०५ मात्र मजूर सरकारने ठेवून दिला, युद्ध संपल्यावरही, आणि तो वापरलाही. १९५० मध्ये लंडनच्या गॅस कामगारांवर त्याखाली खटले झाले. फेब्रुवारी १९५१ मध्ये सात गोदी कामगारांना कोर्टात उभं केलं. बाहेर गोद्या बंद पडू लागल्या. महाधिवक्त्यांनी खटला मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये आदेश रद्द झाला. बेविन त्याआधी चार महिने वारले होते.